तीन वेळा पुकारा केला

१

सकाळी अकरा वाजता मी कामाला बसतो. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, पण अकराचा टोला अंगातून जात नाही. चौतीस वर्षे मी तालुक्याच्या फौजदारी कोर्टात बेंच क्लार्क होतो. अकराला साहेब डायसवर यायचे आणि आम्ही उभे राहायचो. आता डायसच्या जागी जेवणाचे टेबल आहे, साहेबांच्या जागी फळांची परडी आहे, आणि कोर्ट सिंगापुरात, बुकित बातोकमधल्या एका इमारतीच्या आठव्या मजल्यावर भरते. उभे राहणे तेवढे मी सोडले आहे. पपईसमोर उभे राहावे इतका अजून झालो नाही.

फ्लॅट माझ्या मुलाचा, अंकुरचा. तो एका बँकेत अकाउंटंट आहे. सून अश्लेषा हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत नोकरी करते. नात जाई आठ वर्षांची. जूनच्या सुट्टीत दिवसभर ती माझ्या ताब्यात असते, किंवा मी तिच्या. या देशात मी लॉन्ग टर्म व्हिजिट पासवर राहतो, आणि त्या पासासाठी अंकुरने हमीदार म्हणून सही केलेली आहे. जन्मभर दुसऱ्यांचे जामीनकतबे लिहिले आणि म्हातारपणी स्वतः मुलाच्या जामिनावर आलो.

काम अश्लेषाने शोधून दिले. इंग्लंडातल्या एका परगण्याच्या कोर्टाचे जुने कागद, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातले, त्यांचे फोटो एका संकेतस्थळावर ठेवले आहेत. जगभरातले रिकामटेकडे लोक ते वाचून टाइप करून देतात, फुकट.

"बाबा, तुम्हाला घाणेरडं अक्षर वाचायची सवय आहे ना," ती म्हणाली होती. "नाहीतर दिवसभर तुम्ही आमची फ्रिजवरची यादी तपासत बसता."

ते अक्षर शिकायला मला तीन महिने लागले. मोडी वाचलेल्या माणसाला जगात कुठल्याच अक्षराचे भय नसते.

आणि मजकूर तर माहेरचाच निघाला. वर्षातून चार वेळा गावातले जमीनदार न्यायाधीश होऊन बसत आणि परगण्यातले फुटकळ गुन्हे त्यांच्यापुढे येत. कोणी कोंबडी चोरली, कोणी परवान्याशिवाय बिअर विकली, कोणी शेजारणीला चेटकीण म्हटले, कोणी कुंपणावर वाळत घातलेली चादर पळवली. चोरीचा माल बारा पेन्सांच्या वर गेला तर फाशी, आत राहिला तर फटके. म्हणून पंच अतिशय गंभीरपणे चांगल्या धडधाकट चादरीची किंमत दहा पेन्स लावत. आमच्याकडचे पंच कोऱ्या कागदावर सह्या करत. तिकडचे निदान माणूस वाचवण्यासाठी तरी खोटे बोलत.

जो आरोपी तारखेला येत नसे त्याच्या नावापुढे ठरलेले शब्द असत: तीन वेळा पुकारले, आला नाही. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. आमच्या रोजनाम्यातही हेच. 'तीन वेळा पुकारा केला. आरोपी गैरहजर.' हे वाक्य मी किती हजार वेळा लिहिले असेल, देव जाणे.

संध्याकाळी साडेसहाला अंकुर येतो. लिफ्टमधून बाहेर पडता पडताच तो "जाईऽ" म्हणून हाक मारतो आणि जाई हातातले असेल ते टाकून दाराकडे पळते. घरापासून लिफ्टपर्यंत बारा दारे आहेत. ती सगळी ही हाक ऐकतात. शेजारच्या को आंटी म्हणतात, "युअर सन बेटर दॅन डोअरबेल."

माझे दिवस हे असे होते. तक्रार करण्यासारखे त्यात काही नव्हते, आणि तेच मला थोडे खटकत असे.

२

सोमवारी मार्जरी टिल नावाची बाई माझ्यापुढे आली. विधवा. कुंपणावरची चादर, किंमत दहा पेन्स. जबाबाखाली सहीच्या जागी तिने काढलेली फुली. जामिनावर सोडलेली. पुढच्या सत्रात हजर व्हायचे होते, आणि तिथे लिहिले होते: एकदा पुकारले.

मी चष्मा पुसला. फोटो मोठा करून पाहिला. एकदा पुकारले. त्यापुढे कोरा कागद.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण जगातला कुठलाही कारकून एक पुकारा वेगळा लिहीत नाही. तीन पुकारे एकदमच लिहायचे असतात. एक लिहून थांबायचे म्हणजे दुसऱ्याची वाट पाहायची, आणि कारकून कोणाची वाट पाहत नाही.

दिसले तसे टाइप केले. शेवटचे अक्षर उमटले आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणीतरी ओरडले.

ओरडले हा शब्द बरोबर नाही. लांबवलेला, वर जाऊन खाली उतरणारा तो आवाज होता. शब्द कळले नाहीत. पण सूर कळला, आणि माझे गुडघे आपोआप सरळ झाले. पपईसमोर मी उभा राहिलो होतो.

लोखंडी जाळीचे दार उघडून बाहेर गेलो. डावीकडे को आंटींच्या कुंड्या. उजवीकडे कोणाची तरी लहान सायकल. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे बांबूंवर लटकत होते. लिफ्ट तळमजल्यावर होती. खाली गवत कापायचे यंत्र सुरू झाले आणि मला बरे वाटले. यंत्राचाच आवाज असणार. सुरू होताना ते असे कण्हते, असे मी ठरवले. यापूर्वी ते कधीच तसे कण्हले नव्हते, हेही मला माहीत होते.

संध्याकाळी अश्लेषाला पान दाखवले.

"बाबा, मला तर हे कोंबडीचे पाय दिसतायत."

"इथे बघ. एकदा पुकारले."

"थांबा, प्रत्येक पान दोघं जण टाइप करतात ना? दुसऱ्याचं बघू." तिने दोन-तीन ठिकाणी दाबले. "हे घ्या. कुणीतरी कॅनडातल्या बाई आहेत. त्यांनी लिहिलंय, तीन वेळा पुकारलं, आली नाही. झालं?"

"त्यांनी नीट पाहिलं नसेल. सवयीनं लिहिलं असेल."

"आणि तुम्ही चुकत नाही."

"मी चुकतो," मी म्हणालो, "पण सवयीनं नाही."

ती हसली. माझे ते वाक्य खोटे होते.

३

मंगळवारी काही झाले नाही. अकरा वाजता मी टेबलाशी बसलो आणि बारापर्यंत एकही शब्द टाइप केला नाही. जाई जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. पंखा फिरत होता. कुठल्याशा मजल्यावर कोणी लसूण ठेचत होते. माझे कान दाराबाहेर होते, आणि ऐकायला काही नव्हते, आणि ते ऐकण्यात माझा सबंध तास गेला.

दुपारी को आंटी कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"अंकल, यू गॉट वेडिंग अॅट होम, आह?"

"नो. व्हाय?"

"येस्टरडे दॅट मॅन." त्यांनी हात खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका ओढला. "ऑल व्हाइट. रेड बेल्ट लाइक धिस. हिअर गॉट वन ब्रास थिंग, व्हेरी शायनी. आय थिंक, वाह, इंडियन वेडिंग, समबडी कम टू कॉल."

त्यांच्या हातातल्या झारीतून पाणी गळत होते, त्याकडे मी पाहत राहिलो.

"ही स्टँड युअर डोअर," आंटी म्हणाल्या. "धिस साइड हाय, धिस साइड लो." आणि आपला डावा खांदा त्यांनी कानापर्यंत वर नेला.

मी म्हणालो, पत्ता चुकला असेल. आंटी म्हणाल्या, कॅन बी. सत्तरीच्या माणसांना एकमेकांशी खोटे बोलणे सोपे जाते. दोघांनाही विषय संपवायचा असतो.

घरात येऊन मी पाणी प्यायलो. आमच्या कोर्टाचा पट्टेवाला केरबा पांढरा अंगरखा आणि लाल पट्टा घालायचा. पट्ट्यावरचा पितळी बिल्ला दर शनिवारी चिंचेने घासायचा. लहानपणी बैलगाडीवरून पडल्यामुळे त्याचा डावा खांदा वर होता. केरबा दोन हजार सालीच वारला. त्याच्या दहाव्याला मी गेलो होतो.

४

आता ते लिहायला हवे. इतकी वर्षे कोणी विचारले नाही, म्हणून सांगितले नाही. कारकुनाचा हा धर्मच आहे: विचारल्याशिवाय नक्कल द्यायची नाही.

एक्क्याण्णव सालचा मे महिना. नंदा किसन नावाची बाई, सरकारी विश्रामगृहात झाडलोट करणारी. तिथली चादर चोरल्याचा आरोप. होय, चादरच. चोर सगळीकडे चादरीच का चोरतात हे मला विचारू नका. वाळत घातलेली वस्तू मालक नसल्यासारखी दिसते, एवढेच असेल. ती जामिनावर सुटली होती. नवरा नव्हता. सहा वर्षांची मुलगी होती.

तारखेच्या दिवशी साहेबांना पुण्याला जायचे होते. एक वाजून चाळीस मिनिटे झाली होती. बोर्डावर तिचेच एक प्रकरण उरले होते आणि साहेब घड्याळ पाहत होते. केरबाला त्यांची बॅग गाडीत ठेवायला पाठवले होते. मी कोर्ट हॉलवर नजर फिरवली. बाई दिसली नाही. मी लिहिले: तीन वेळा पुकारा केला. आरोपी गैरहजर. साहेबांनी वॉरंटचा हुकूम केला आणि ते गेले.

केरबा परत आला. म्हणाला, "पुकारू का, भाऊसाहेब?"

मी म्हणालो, "झालं."

 चांगला खांदाही केरबाने वर नेला, आणि क्षणभर त्याचे दोन्ही खांदे सारखे दिसले.

संध्याकाळी पोलिसांनी बाईला घरून उचलले. तिला परत जामीन मिळायला बारा दिवस लागले. मुलगी शेजाऱ्यांकडे होती. सातव्या दिवशी ती आईला शोधायला तालुक्याच्या रस्त्याने एकटी निघाली. तो रस्ता कालव्याच्या कडेने जातो.

दोन महिन्यांनी पुराव्याअभावी बाई निर्दोष सुटली. तोही निकाल माझ्याच अक्षरात आहे. निकालानंतर ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"भाऊसाहेब, मला कधी पुकारलं?"

"तीनदा पुकारलं."

"मी दाराशीच होते."

मी रोजनामा तिच्याकडे फिरवला आणि त्या ओळीवर बोट ठेवले. तिला वाचता येत नव्हते. तरी तिने ती ओळ पूर्ण पाहिली, डावीकडून उजवीकडे. मग मान हलवली, जणू आता पटले. आणि गेली.

असे सगळेच करत. पुकारा न करता पुकारा लिहिणे ही चूक नाही, कामाची पद्धत आहे. तेव्हाही मी स्वतःला हेच सांगितले, आणि तेव्हा ते मला पटले होते.

५

बुधवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी पुकारा झाला, आणि या वेळी शब्द कळले.

"हेमचंद्र दत्तात्रय साबणे हाजीर होऽ"

माझे नाव. वडिलांच्या नावासकट. या देशात माझ्या वडिलांचे नाव पासपोर्टशिवाय कोणालाही माहीत नाही. आवाज दाराबाहेर, जाळीला तोंड लावल्याइतका जवळ होता.

मी काय केले ते लिहितो. मी उठलो, बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि नळ सोडला. बादली भरून वाहू लागली तरी नळ चालू ठेवला. फरशीवर पाणी पसरत होते आणि मी मनाशी म्हणत होतो, रक्तदाब. गोळी बदलली आहे. कानात आवाज येतो असे औषधाच्या कागदावर छापलेलेच असते. उद्या पॉलिक्लिनिकला जाऊ.

बाहेर आलो तेव्हा जाई सोफ्यावर उड्या मारत होती. तिला मराठी सगळे समजते. उत्तर मात्र ती शाळेच्या भाषेत देते.

"आजोबा, वन अंकल केम लाह."

"कोण अंकल?"

"डोन्नो. ही शाउट युअर नेम, सो लाउड."

"तू दार उघडलंस?"

"नो लाह, गेट ओन्ली लॉक्ड. आय सेड आजोबा नॉट अॅट होम."

मी सोफ्याचा हात धरला. "असं का सांगितलंस, बाळा? मी तर घरातच होतो."

"यू हायडिंग व्हॉट." ती थांबली आणि माझ्याकडे पाहून हसली. "आय हेल्प यू."

"मग तो काय म्हणाला?"

"नथिंग. ही आस्क माय नेम. देन ही रोट."

"कशात लिहिलं?"

"बिग बुक. लाँग-लाँग वन. विथ रेड क्लॉथ." तिने दोन्ही हात ताणून दाखवले. लाल कापडात बांधलेल्या रोजनाम्याची ती बरोबर लांबी होती.

लॅपटॉपवर पुढचे पान आपोआप माझ्या नावावर आले होते. मार्जरी टिलचेच. दुसऱ्यांदा पुकारले. घरातील मुलीने सांगितले की ती घरी नाही. ती हजर होईपर्यंत मुलीचे नाव तिच्या जागी लिहून घ्यावे.

जो दुसऱ्याच्या वतीने उत्तर देतो तो त्याचा जामीन. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

६

"अश्लेषा, उद्या जाईला ऑफिसला घेऊन जा."

"ऑफिसला? बाबा, उद्या माझी दिवसभर मीटिंग आहे. तिला कुठे ठेवू, कंटेनरमध्ये?"

"मग मैत्रिणीकडे पाठव. बेडोकला तिची ती अनुया राहते ना."

"अनुया बालीला गेलीय. झालंय काय?"

सांगायला माझ्याकडे एक कोंबडीच्या पायांचे पान होते आणि एक मेलेला पट्टेवाला होता. चौतीस वर्षांत यापेक्षा बरे पुरावे मी फेटाळले जाताना पाहिले होते.

"अंकुर," मी म्हणालो, "तू रजा टाक."

अंकुरने ताटातून मान वर केली. "बाबा, तुम्ही नीट झोपलेला नाही. उद्या मी लवकर येतो. साडेपाच-पावणेसहापर्यंत. मग आपण डॉक्टरकडे जाऊन येऊ, ठीक?"

"मला डॉक्टर नको."

"मला हवाय," तो म्हणाला. "तुमची हमी मी दिलीय." हा त्याचा नेहमीचा विनोद होता. जाईसुद्धा हसली.

रात्री एवढेच ठरवले: दोन पुकारे झाले, तिसरा बाकी आहे. तिसऱ्याला हजर राहिलो की जामीन मोकळा होतो. हा कायदा जगात कुठेही बदलत नाही. नंदाला जे करू दिले नाही तेवढेच मला करायचे होते. पुकारा होताच 'हजर' म्हणायचे. मग माझे काय व्हायचे ते होवो.

७

गुरुवारी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावले आणि अकराला पाच कमी असताना जेवणाच्या टेबलाची खुर्ची दाराबाहेर ठेवून बसलो. पाठीमागे जाळी उघडी. या घराला दार एकच आहे. खिडक्यांना गज आहेत. आत जाई, दारात मी.

"आजोबा, यू गार्डिंग?"

"हो."

"फ्रॉम हू?"

"तू चित्र काढ."

अकरा वाजले. सव्वा अकरा. 'हजर' हा शब्द मी जिभेवर तयार ठेवला होता. लिफ्ट वर आली, सहाव्या मजल्यावर थांबली, खाली गेली. बारा वाजले. को आंटींनी मला बार्लीचे पाणी आणून दिले. एक वाजता जाईने माझ्या पायाशी बसून दहीभात खाल्ला. मी खाल्ला नाही. तोंडात घास असताना नाव आले तर?

गवत कापणारे यंत्र जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा सुरू झाले. घड्याळात पाहिले, एक वाजून चाळीस मिनिटे. का कोण जाणे, मी समोर पाहिले.

समोरच्या इमारतीच्या आठव्या मजल्यावर, वाळणाऱ्या कपड्यांच्या मागून, एक पांढरी आकृती कॉरिडॉरने चालत होती. छातीवर तिरकी लाल रेघ. चाल सावकाश, दुपारच्या कोर्टातल्या माणसासारखी. माझ्या दाराच्या बरोबर समोर आल्यावर ती थांबली आणि वळली. मध्ये पार्किंग आणि झाडांचे शेंडे होते. चेहरा दिसत नव्हता. डावा खांदा दिसत होता.

मी उठून उभा राहिलो. आता पुकारेल.

त्याने तोंड उघडले नाही. बगलेतले लांब पुस्तक काढले, कठड्यावर उघडले, आणि त्यात एक ओळ लिहिली. ती लिहायला फार वेळ लागला नाही. ती ओळ लिहायला किती वेळ लागतो हे मला माहीत आहे.

"हजर," मी ओरडलो. "हजर. मी इथे आहे. हजर."

यंत्र घरघरत होते. मला माझाच आवाज ऐकू आला नाही. त्याने पुस्तक मिटले, आणि एका मोठ्या पांढऱ्या चादरीमागे गेला तो पलीकडून बाहेर आलाच नाही.

पुकारा झाला नव्हता. झालाच नव्हता तर गैरहजर कसा? मी खुर्चीत बसून हे स्वतःला पुन्हा पुन्हा विचारले. जागा सोडली नाही. लघवीलाही उठलो नाही. आतून जाईची गुणगुण येत होती, मधूनच रंगपेटी खडखडत होती, आणि त्या आवाजांवर मी दुपार काढली. पाचनंतर रंगपेटी एकदा जमिनीवर पडल्याचे ऐकले. साडेपाच वाजले. कोर्टाची वेळ संपली. साडेपाचनंतर कोणी कोणाला पुकारत नाही. मी खुर्ची उचलून आत आलो, जाळी लावली, कुलूप घातले, आणि घालताना किल्ली दोनदा पडली.

लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. नवे पान आले होते. एकच ओळ.

तिसऱ्यांदा पुकारले, आली नाही. जिने तिच्या वतीने उत्तर दिले त्या मुलीला घेऊन जावे.

"मी दाराशीच होतो," मी म्हणालो. समोर परडीत पपई होती, तिला म्हणालो.

मग लक्षात आले की गुणगुण थांबली आहे.

"जाई," मी हाक मारली.

हॉलमध्ये पंखा फिरत होता. रंगाचे खडू जमिनीवर पसरले होते, त्यातला एक अजून हळूहळू गडगडत भिंतीकडे चालला होता. बाथरूम कोरडी. स्वयंपाकघरात कोणी नाही. खिडक्यांचे गज जागच्या जागी. तिच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. मी ते ढकलले. उशी होती, तिचे कापडी माकड होते, गादी होती. गादीवरची चादर नव्हती.

"जाई."

पलंगाखाली वाकून पाहिले. कपाट उघडले. पडदा सरकवला. घर इतके लहान आहे की शोधायला दोन मिनिटे पुरली, आणि पुन्हा शोधायला एकच. तिसऱ्यांदा तोंड उघडले तेव्हा तिचे नाव ओठांवर आले होते. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले.

दोनदा हाक मारून झाली होती. तिसरी झाली नव्हती. तिसरी होत नाही तोवर कोणाच्याही नावापुढे काही लिहिता येत नाही. आयुष्यभर जे वाक्य मी खोटे लिहिले, त्याच्या खरेपणावर आता सगळे अडले होते. तिसरी हाक कोणी मारायची नाही. मी नाही, कोणीच नाही. ती कुठे असेल तिथे थांबेल, आणि आपण शांतपणे, न बोलता, तिला शोधून काढू.

तेवढ्यात कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्टची घंटा वाजली. पावणेसहा झाले होते. अंकुर आज लवकर येणार होता.

मी दाराकडे धावलो. किल्ली कुलपात शिरेना. जाळीतून हात बाहेर काढून जोरजोराने हलवला, ओठांवर बोट ठेवले. बारा दारांच्या पलीकडे तो लिफ्टमधून बाहेर पडत होता, खांद्याला बॅग, नजर हातातल्या फोनवर. मग त्याने फोन खिशात टाकला, मान वर केली, आणि रोजच्यासारखा छाती भरून श्वास घेतला.